कानाच्या शास्त्रात संशोधन करायचे, तर कॉलेज कसे निवडायचे?



या पानावर आम्ही बहुतेक वेळा रक्तदाब, साखर, टीबी, बाळंतपण यांविषयी लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. पण तोही आरोग्याचाच आहे, आणि आपल्या घरातल्या मुलामुलींचा आहे.

रविवारच्या वंदनेनंतर विहाराच्या पायरीवर एका बाईंनी आम्हाला थांबवले. घरकाम करून त्यांनी मुलीला शिकवले. मुलीने कान आणि वाचा यांच्या उपचाराची पदवी घेतली. पुढच्या एम.एस्सी.साठी तिचा दोन ठिकाणी नंबर लागला. एक कॉलेज घरापासून तासाभरावर, खासगी, मोठ्या इमारतीचे. दुसरी संस्था सरकारी, पण परराज्यात. शिवाय कानाची मशिने विकणाऱ्या एका दुकानाने तिला नोकरीही देऊ केली होती. बाई म्हणाल्या, "ताई, आठ दिवसांत फी भरायची आहे. पोरगी म्हणते, मला संशोधन करायचंय. दुकानवाले म्हणतात, उद्यापासून कामाला ये. यातलं चांगलं कोणतं, तुम्हीच सांगा."

आम्हाला लगेच सांगता आले नाही. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा केलेली माणसे. वॉर्ड माहीत, एम.एस्सी.चा प्रबंध माहीत नाही. मग मुलीला घेऊन बसलो, या क्षेत्रात शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना विचारले, संस्थांची माहितीपत्रके वाचली. त्यातून जे कळले ते इथे मांडतो. आज एका घराला उपयोगी पडले, उद्या दुसऱ्या घराला पडेल.

आधी हे शिक्षण समजून घेऊ

कान दुखला, फुटला, आत मळ अडकला की आपण कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जातो. तो एम.बी.बी.एस. होऊन पुढे शिकलेला असतो, ऑपरेशन करतो. ऑडिओलॉजिस्ट म्हणजे श्रवणतज्ज्ञ वेगळा. किती ऐकू येते, कोणत्या पट्टीतला आवाज ऐकू येत नाही, दोष बाहेरच्या कानात आहे, मधल्या कानात आहे की आतल्या नसेत आहे, हे तो तपासून सांगतो. योग्य श्रवणयंत्र बसवतो. बहिऱ्या मुलाला ऐकायला आणि बोलायला शिकवण्याच्या कामात त्याचा मोठा वाटा असतो.

याचा रस्ता असा. बारावी विज्ञान झाल्यावर बी.ए.एस.एल.पी. ही चार वर्षांची पदवी; त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. त्यानंतर दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण. काही ठिकाणी त्यात वाचा आणि श्रवण दोन्ही एकत्र शिकवतात, काही ठिकाणी फक्त श्रवणाची एम.एस्सी. असते. त्यापुढे पीएच.डी. अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते आणि काम करणाऱ्याचे नाव परिषदेच्या नोंदवहीत असावे लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने आली. कॉलेज कितीही नावाजलेले असो, ज्या वर्षी प्रवेश घेणार त्या वर्षासाठी त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे परिषदेच्या यादीत स्वतः पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

आपल्याकडे यासाठी जुन्या सरकारी संस्था आहेत. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था १९६५ सालची. ती केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाखाली आहे आणि तिथे पदवीपासून पीएच.डी.पर्यंत सगळे शिकवतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये सुरू झाली. ती केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाखाली येते. मुंबई महापालिकेच्या नायर रुग्णालयाला जोडलेल्या टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण मिळते. चंडीगडच्या पीजीआयमध्ये मिळते. यांशिवाय खासगी आणि अभिमत विद्यापीठे आहेत.

आपल्या मुलांनी यात संशोधन का करावे?

आम्ही वॉर्डात होतो तेव्हाची गोष्ट. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या रुग्णांना महिनोन्महिने रोज इंजेक्शन द्यावे लागे. कानामायसिन, अमिकासिन ही त्यातली नावे. दोन-तीन महिने झाले की एखादा रुग्ण म्हणायचा, "सिस्टर, कानात सतत शिट्टी वाजते." पुढे तो आमचे बोलणे ओठांकडे पाहून समजून घ्यायला लागायचा. टीबी बरा व्हायचा. ऐकू येणे परत यायचे नाही.

याचे कारण शास्त्राला माहीत आहे. आतल्या कानात शंखाच्या आकाराची पोकळी असते आणि तिच्यात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात. ही औषधे त्या पेशी मारतात. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. मार आधी उंच, बारीक पट्टीच्या आवाजाच्या पेशींवर पडतो आणि मग बोलण्याच्या पट्टीपर्यंत उतरतो. कानाची नेहमीची तपासणी ८००० हर्ट्‌झपर्यंत होते. नुकसान त्याच्या वर सुरू झालेले असते, म्हणून नेहमीच्या तपासणीत ते उशिरा दिसते. त्याच्या वरची पट्टी तपासणारे मशीन असेल, तर धोका आधी कळतो आणि डॉक्टरला औषध बदलण्याचा विचार करता येतो.

२०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने कानामायसिन वगळण्याची शिफारस केली. आता बेडाक्विलिनसारख्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर भर आहे. ही चांगली गोष्ट झाली. पण ज्यांचे कान गेले ती माणसे आपल्याच वस्त्यांत राहतात. त्याच गटातली जेंटामायसिन आणि अमिकासिन ही औषधे आजही गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळांना द्यावी लागतात. जीव वाचवणारी औषधे आहेत, ती नाकारायची नाहीत. पण त्यानंतर बाळाचे कान तपासले पाहिजेत.

प्रश्न आणखीही आहेत. यंत्रमागावर आयुष्य घालवलेल्या कामगाराचे कान. लहान मुलांचे वाहणारे कान, ज्यांत घरोघरी अजून तेल घातले जाते. आणि राग मानू नका, पण आपल्याच जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे तास-तास नाचणारी आपली पोरे. या प्रश्नांवर आपल्या घरातली मुले संशोधन करतील तेव्हा ती रुग्णाला नुसता नमुना समजणार नाहीत. प्रश्न कुठून विचारायचा, हे त्यांना ठाऊक असेल.

नोकरीसाठीचे कॉलेज आणि संशोधनासाठीचे कॉलेज

इथे आमचा मुख्य मुद्दा येतो. शिकून दवाखाना टाकायचा, शाळेत किंवा हॉस्पिटलात लागायचे, श्रवणयंत्रे बसवायची, यात कमीपणा काहीच नाही. त्यासाठी मान्यता असलेले, परवडणारे, भरपूर रुग्ण पाहायला मिळतील असे जवळचे कॉलेज उत्तम.

संशोधन करायचे असेल तर मोजमाप बदलते. तिथे इमारत, जाहिरात, "शंभर टक्के नोकरी" ही पाटी यांचा उपयोग कमी. संस्थेचा देशातला नंबरही तेवढ्यापुरता. पाहायचे ते हे: माझा प्रश्न कोणता, तो शिकवणारा माणूस तिथे आहे का, त्यासाठी लागणारे रुग्ण आणि यंत्र तिथे आहे का, आणि ते काम पूर्ण होईपर्यंत माझे पोट चालेल का? आता एकेक पाहू.

पहिला प्रश्न: मार्गदर्शक कोण?

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांना अर्थशास्त्रात सेलिग्मन यांच्यासारखे गुरू मिळाले. पुढे लंडनमध्ये एडविन कॅनन मिळाले. रुपयाच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३ मध्ये निघाला, त्याला कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. काही मुद्द्यांवर त्यांचे बाबासाहेबांशी मतभेद होते, ते प्रस्तावनेतच नोंदवून त्यांनी ग्रंथाची बाजू घेतली. चांगला मार्गदर्शक असा असतो. विद्यार्थ्याला स्वतःचे मत मांडू देतो, आणि मत पटले नाही तरी त्याच्या पाठीशी उभा राहतो.

हे आधी कसे ओळखायचे? त्या विभागातल्या प्राध्यापकांची नावे काढा. गेल्या पाच वर्षांत त्यांनी कशावर लेख लिहिले ते पाहा. त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध पाहा. म्हैसूरच्या संस्थेने तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवरचे लेख खंडरूपाने छापले आहेत. लेखात विद्यार्थ्याचे नाव आहे का, की काम त्याचे आणि नाव फक्त साहेबांचे? ते प्राध्यापक दोन वर्षांत निवृत्त तर होत नाहीत ना? त्यांच्याकडे एका वेळी किती विद्यार्थी असतात?

मग त्यांना पत्र लिहा. ईमेल चार-पाच ओळींचा पुरे: मी कोण, माझा प्रश्न काय, तुमचा अमुक लेख वाचला, या विषयावर तुमच्याकडे काम करता येईल का. पत्र लिहायला जात, वशिला, इंग्रजी शाळा काही लागत नाही. सगळेच उत्तर देणार नाहीत. जो देईल, तो कसे देतो यावरून बरेच कळते.

दुसरा प्रश्न: माझे रुग्ण कुठे आहेत?

कानाच्या शास्त्रात भाषेला फार महत्त्व आहे. नुसता 'टी-टी' आवाज ऐकवून केलेली तपासणी सगळ्यांना सारखीच. पण माणसाला बोलणे किती कळते हे पाहायचे असेल, तर त्याच्या भाषेतले शब्द ऐकवावे लागतात. म्हैसूरमध्ये येणारे बहुतेक रुग्ण कन्नड बोलणार. ज्या मुलीला मराठी, वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्यांच्या ऐकण्यावर काम करायचे आहे, तिच्यासाठी मुंबई सोयीची. ज्याचा प्रश्न मेंदूपर्यंत जाणाऱ्या श्रवणसंदेशांचा आहे, म्हणजे डोक्याला तारा लावून नोंद घेण्याचा, त्याला भाषा तितकी आड येत नाही. त्याने प्रयोगशाळा कुठे मजबूत आहे ते पाहावे.

टीबीवर काम करायचे तर टीबीचे रुग्ण हवेत. ते शिवडीच्या टीबी हॉस्पिटलसारख्या ठिकाणी असतात, श्रवणसंस्थेच्या ओपीडीत क्वचितच. मग संस्थेचा अशा हॉस्पिटलशी संबंध आहे का, तिथे जाऊन तपासणीची परवानगी मिळते का, हे आधी विचारावे लागते.

तिसरा प्रश्न: यंत्र आहे का, आणि हात लावू देतात का?

माहितीपत्रकात यंत्रांची लांबलचक यादी असते. त्यातले चालू किती? विद्यार्थ्याला ते आठवड्यातून किती तास मिळते? आवाजबंद खोली खरोखर आवाजबंद आहे का, की शेजारच्या लिफ्टचा आवाज आत येतो? यंत्राचे माप बरोबर आहे ना, याची दरवर्षी तपासणी होते का? तुमच्या प्रश्नाला ८००० हर्ट्‌झच्या वरची पट्टी तपासणारे यंत्र लागणार असेल, तर नेमके त्याचेच नाव घेऊन विचारा.

धम्मवंदनेत आपण धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. कॉलेजलाही तीच कसोटी लावावी. शक्य असेल तर एकदा जाऊन या. ऑफिसात नुसते बसून परत येऊ नका. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये गाठा. तेच खरे सांगतील.

चौथा प्रश्न: प्रबंधाला वेळ मिळतो का?

दोन वर्षे म्हणजे फार नव्हेत. त्यात वर्ग, परीक्षा आणि ओपीडीचे काम. माणसांवर संशोधन करायचे तर नैतिकता समितीची परवानगी लागते. तिला कधी आठवडे, कधी महिने जातात. काही ठिकाणी विद्यार्थी म्हणजे फुकटचा कामगार. सकाळपासून संध्याकाळपर्यंत रुग्ण तपासायचे आणि प्रबंध शेवटच्या दोन महिन्यांत कसाबसा जोडायचा. म्हणून विचारा: विषय कोणत्या महिन्यात ठरतो? समितीची बैठक किती दिवसांनी होते? आकडेमोडीला मदत करणारा संख्याशास्त्रज्ञ आहे का? मागच्या वर्षीच्या किती मुलांनी वेळेत प्रबंध दिला?

नैतिकता समितीला कटकट समजू नये, हेही मुलांना सांगा. आपल्या माणसांवर त्यांना न सांगता, न विचारता तपासण्या झाल्याचे आपण ऐकले आहे. उद्या आपली मुलगी संशोधक म्हणून वस्तीत येईल, तेव्हा तिने रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून, त्याची संमती घेऊनच काम केले पाहिजे.

पाचवा प्रश्न: पैसा

बाबासाहेबांची बडोद्याची शिष्यवृत्ती १९१७ मध्ये संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मग १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेनांकडून उसने घेतले आणि ते पुन्हा लंडनला गेले. आधी नोकरी, मग पुन्हा शिक्षण, हा रस्ता आपल्या घराला नवा नाही. त्यात हार मानण्यासारखे काही नाही. मात्र अर्ध्यावर पैसे संपण्यापेक्षा आधी हिशेब केलेला बरा.

हिशेब असा करा. दोन वर्षांची फी, वसतिगृह, खानावळ, प्रवास, प्रबंधाचा खर्च. शिवाय दोन वर्षांचा पगार बुडणार तोही खर्चातच धरा, कारण घर त्याच्याकडे डोळे लावून बसलेले असते. मग येणारी बाजू: संस्था विद्यावेतन देते का, किती, आणि ते दर महिन्याला येते की सहा महिन्यांनी एकदम?

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागते. परराज्यात शिकलात तरी ही शिष्यवृत्ती आपल्या राज्याकडूनच मिळते. त्यासाठी प्रवेशापूर्वीच समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात जाऊन कागद कोणते लागतात ते विचारून या. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही शिष्यवृत्ती मिळत नाही. "आधी प्रवेश घ्या, शिष्यवृत्तीचे नंतर बघू" असे कोणी म्हणाले, तर तिथेच थांबा आणि प्रवेश कोणत्या कोट्यातून आहे ते लेखी मागा. पुढे पीएच.डी.ला बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. पण तिच्या जाहिरातीची आणि पैशांची वाट पाहत आपल्या विद्यार्थ्यांना आंदोलनाला बसावे लागले आहे. तेवढ्या एकाच आधारावर घर उभे करू नका.

कागदांचे एक फार महत्त्वाचे. १९९० पासून बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात. पण केंद्राच्या संस्थेत केंद्राच्या नमुन्यातले जातीचे प्रमाणपत्र मागतात. राज्याच्या कामासाठी काढलेल्या दाखल्यावर अनेक मुले तिथे अडकतात. केंद्राच्या नमुन्यातला दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता काढून ठेवा.

सहावा प्रश्न: तिथे माणूस म्हणून राहता येईल का?

हा प्रश्न माहितीपत्रकात नसतो. डॉ. पायल तडवी यांना आपण २०१९ मध्ये गमावले. पदव्युत्तर शिक्षणात विद्यार्थी सीनियर आणि मार्गदर्शकांच्या हातात असतो, हे विसरून चालत नाही. संस्थेत समान संधी कक्ष किंवा अनुसूचित जाती-जमाती कक्ष आहे का, तक्रार कोणाकडे करायची, आपले विद्यार्थी आधी तिथे शिकलेत का, शिकून पूर्ण झाले की मध्येच गेले, हे विचारा. तिथल्या एखाद्या आंबेडकरी विद्यार्थी गटाचा, जवळच्या विहाराचा पत्ता मुलीच्या वहीत लिहून द्या. जिथे आठवड्यातून एकदा 'जय भीम' म्हणणारे कोणी भेटते, तिथे दोन वर्षे निघतात.

परदेशाचे काय?

काही मुले विचारतात, अमेरिकेला जाऊ का? तिथली रचना समजून घ्या. अमेरिकेत श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करायला डॉक्टर ऑफ ऑडिओलॉजी ही पदवी लागते, तिला एयू.डी. म्हणतात. ती साधारण चार वर्षांची असते, रुग्णसेवेसाठीची असते आणि तिचा खर्च बहुतेक विद्यार्थ्यालाच करावा लागतो. पीएच.डी. ही संशोधनाची पदवी. तिच्यात बऱ्याच ठिकाणी फी माफ होते आणि प्राध्यापकाच्या हाताखाली काम करून महिन्याचा भत्ता मिळतो. नावात 'डॉक्टर' दोन्हीकडे आहे, पण काम वेगळे आणि पैशांचे गणित उलटे. काही विद्यापीठे दोन्ही पदव्या एकत्र देतात. त्याला अर्थातच जास्त वर्षे लागतात. फक्त संशोधन करायचे असेल, तर कर्ज काढून एयू.डी. करण्याआधी दहा वेळा विचार करा. ब्रिटनमध्ये एम.एस्सी. कमी काळात होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजची कानावरची संस्था आणि साउथॅम्प्टन विद्यापीठ ही तिथली जाणती ठिकाणे.

परदेशी जाणाऱ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दोन्हींत उत्पन्नाची, वयाची आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. या योजना पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहेत. एयू.डी. यातल्या कोणत्या रकान्यात बसते, हे अर्ज करण्याआधी लेखी विचारून घ्या. आणि परत येऊन इथे रुग्ण तपासायचे असतील, तर परदेशी पदवीचीही पुनर्वास परिषदेकडे नोंद करावी लागते.

मग त्या मुलीने काय केले?

तिचा प्रश्न पक्का होता: इंजेक्शनांनी ज्यांचे कान गेले त्यांचे पुढे काय होते? तिचा मामा त्यातलाच एक. तिने दोन्हीकडे मिळून पाच प्राध्यापकांना लिहिले. दोघांची उत्तरे आली. जवळच्या खासगी कॉलेजातून आलेल्या उत्तरात प्रवेशाची शेवटची तारीख आणि फीचा खाते क्रमांक होता. आम्ही तिच्याबरोबर तिथे जाऊन आलो. उंच पट्टी तपासणारे यंत्र यादीत होते. दाखवा म्हटल्यावर कळले, ते बरेच दिवस बंद आहे. औषधांमुळे येणाऱ्या बहिरेपणावर तिथे कोणी काम करत नव्हते. शिवाय तिला देऊ केलेली जागा व्यवस्थापन कोट्यातली निघाली.

परराज्यातल्या सरकारी संस्थेतल्या बाईंनी स्वतःचे दोन लेख पाठवले आणि स्पष्ट लिहिले: यंत्र आहे, विषय मला आवडतो, पण टीबीचे रुग्ण इथे कमी मिळतील, तुझ्या शहरातल्या हॉस्पिटलात तपासणी करायची तर वेगळी परवानगी लागेल आणि पहिल्याच वर्षी धावपळ करावी लागेल. अडचण आधीच सांगणारे माणूस भेटले, हे आम्हाला मोलाचे वाटले.

मुलीने ती संस्था निवडली. निर्णय सोपा नव्हता. दुकानाचा पगार गेला. आईला आणखी दोन घरची कामे धरावी लागली, आणि धाकट्याची शिकवणी सध्या विहारातला एक मुलगा घेतो. ती तिथे काय शोधून काढेल ते पुढे कळेल. पण तिने पैसे भरले ते डोळे उघडे ठेवून.

प्रत्येकाने हेच करावे असे आम्ही म्हणत नाही. घरात औषधाला पैसे नसतील तर आधी नोकरी धरा, दोन वर्षांनी शिका. जवळच्या कॉलेजात चांगला मार्गदर्शक असेल तर दूर जायचे काहीच कारण नाही. नावावर, इमारतीवर, कोणाच्या सांगण्यावर मात्र जाऊ नका. हे सहा प्रश्न विचारूनच जा.

शेवटी विहार समित्यांना एक विनंती. कॉलेज पाहायला जाण्याचे भाडे नसते म्हणून अनेक मुले न पाहताच फी भरतात. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी केला, तरी दोन मुलांचे गाडीभाडे निघेल. कानही वाचतील, आणि कानाचे शास्त्र शिकणारी आपली माणसेही तयार होतील.

जय भीम! नमो बुद्धाय!